शांत राहायचा सराव

वरकुट्यात रविराजइतका शांत माणूस दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःच गावभर सांगत हिंडे. मोबाइलवर त्याला स्टोइक नावाचे जुने ग्रीक तत्त्वज्ञ सापडले होते. जे आपल्या हातात नाही त्याचा ताण घ्यायचा नाही, एवढं त्यानं त्यांच्याकडून उचललं. विहिरीवरची मोटार जळली, तो शांत. उसाला तोड मिळेना, तो शांत. बायकोच्या, राजलक्ष्मीच्या छातीत गाठ निघाली तेव्हा मात्र तो आतून पार हादरला. म्हणून त्यानं सराव दुप्पट केला.

रिपोर्ट आणायच्या दिवशी ती म्हणाली, "बारामतीला चला की संगं."

"रिपोर्ट काय यायचा त्यो येणार. आपल्या हातात हाय का?"

ती एकटीच एसटीनं गेली.

इकडं रविराज ओसरीवर डोळे मिटून बसला. जे गमवायची भीती वाटते ते गेलंच असं आधी समजून चालायचं, असा त्या तत्त्वज्ञांचा एक धडा होता. तो मोठ्यानं म्हणू लागला, "राजलक्ष्मी गेली. मी शांत हाय. राजलक्ष्मी गेली." भिंतीपलीकडं शेजारची कुशाबाई शेंगा पाखडत होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

गुरांना वैरण टाकून रविराज परतला, तर अंगणात निम्मं गाव.

"राजलक्ष्मी गेली रं," कुशाबाईनं हंबरडा फोडला.

त्याला वाटलं, बारामतीहून निरोप आला. फोन लावला, तर तिचा बंद. तोही रडणारच होता. पण एवढी साधना ऐन वेळी वाया घालवायची? तो ताठ बसला.

म्हाताऱ्या सोनबाआबांनी पाठीवर हात ठेवला. "रड लेकरा, मोकळा हो."

"हातात न्हाय त्याला रडून काय करायचं, आबा?"

माणसं एकमेकांकडं बघू लागली. मयत कधी येणार, हे विचारायची कुणाला छाती होईना. बांबू आले, गाडगं आलं. मग पाहुण्यांच्या गर्दीतून वाट काढत राजलक्ष्मी आली.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

माणसं तिरडीपुढून बाजूला सरकली. शेवटी कुशाबाई म्हणाली, "तूच."

गाठ साधी निघाली होती. राजलक्ष्मीनं सगळी हकिकत उभ्यानंच ऐकून घेतली. तिरडीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आन् हे? हे रडले का?"

कुशाबाईनं मान खाली घातली.

तेव्हा कुठं रविराजचा बांध फुटला. लहान पोरासारखा तो हुंदके देऊ लागला.

"आता नगा रडू," राजलक्ष्मी म्हणाली. "लोकांना वाटंल, जित्ती आली म्हणून रडतोय."