दोन किलो जुलाबाचं मीठ

कोल्दोची बायको नेकाने घर सोडून लोग्रोन्योला बहिणीकडे गेली त्याला अठरा दिवस झाले, आणि त्याच्या गांजाच्या झाडांनी मान टाकली.

झाडं त्याच्या एकट्याची नव्हती. गावातल्या बत्तीस जणांच्या मंडळाची होती. कुणाचे सांधे धरलेले, कुणाला रात्ररात्र झोप नाही, दोघींची कर्करोगाची औषधं चालू. चोमिनच्या दारूच्या गुत्त्याखाली तळघरात अठरा कुंड्या होत्या आणि त्या वाढवायचं काम अकरा वर्षं कोल्दोकडे होतं. झाडं कुठे आहेत हे मंडळाबाहेर कुणाला सांगायचं नाही, हा पहिला नियम. चोमिन अध्यक्ष असल्यामुळे हा नियम तोच सर्वात मोठ्या आवाजात सांगे.

कुंड्यांत माती नव्हती, कोकोपीट होतं, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात झाडाला खायला स्वतःचं असं काहीच नसतं. सगळं पाण्यातून भरवावं लागतं, आणि काय कमी पडलं ते पानांच्या रंगावरून ओळखावं लागतं. यात कोल्दोची एकच अडचण होती. त्याला हिरवं आणि पिवळं वेगळं दिसत नसे. जन्मापासूनच. गावात हे फक्त नेकानेला ठाऊक होतं. दर रविवारी ती तळघरात येई, झाडांभोवती एक चक्कर मारी आणि सांगे, "खालची पिवळी पडलीत." किंवा, "टोकं करपलीत." त्यावरून कोल्दो औषध ठरवी, आणि गावभर त्याची ख्याती होती की या माणसाची नजर म्हणजे नजर.

"अकरा वर्षं दर रविवारी पानांचा रंग विचारतोस," जाताना नेकाने म्हणाली होती, "माझा चेहरा उतरलाय की नाही, हे एकदा तरी विचारलंस?"

"मला रंगातलं कळत नाही," कोल्दो म्हणाला होता. त्यावर दार आपटल्याचा आवाज आला.

त्याच दिवशी नवं कोकोपीट भरायचं होतं. त्याला आधी खताचं पाणी पोटभर पाजून घ्यावं लागतं, नाहीतर झाडाच्या तोंडचा घास तेच गिळतं. कोल्दोने कोरडंच भरलं. त्याचं लक्ष कुठे होतं हे सांगायला नको.

आता पानं हाताला कागदासारखी लागत होती. पण नत्र कमी होतं, लोह कमी होतं की आणखी काही, हे कसं कळणार? एक पान खुडून तो वर चोमिनकडे गेला.

"हे बघ. काय वाटतं?"

"गांजा," चोमिन म्हणाला.

"ते मलाही माहीत आहे. रंग कसा वाटतो?"

"आजारी वाटतो."

"आजारी हा रंग असतो का रे?"

"माझ्या सासऱ्याच्या तोंडावर होता. शेवटचा आठवडाभर." चोमिनने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "पण तू मला का विचारतोयस? नजर तुझी ना?"

"तुझी परीक्षा घेत होतो," कोल्दो म्हणाला आणि बाहेर पडला. बाहेर तीन दिवस चाललेली पावसाची भुरभुर अजून चालूच होती.

मग तो बेनितामावशीकडे गेला. तिने चाळीस वर्षं दोरे आणि बटणं विकली होती. तीही मंडळाचीच, बोटं आखडलेली. तिने पान खिडकीपाशी धरलं.

"मधे लोण्याचा रंग. शिरा मात्र बाटलीहिरव्या. अशा रंगाचा दोरा माझ्याकडे होता, पण त्याला कधी गिऱ्हाईक मिळालं नाही."

कोल्दोचा जीव भांड्यात पडला. खालचं पान, शिरा हिरव्या, मधलं पिवळं. मॅग्नेशियम! आणि मॅग्नेशियम म्हणजे जुलाबाचं मीठ, ते औषधाच्या दुकानात मिळतं.

दुकानात कार्मेलेबाई होती. मागे दोन बायका आपला नंबर यायची वाट बघत होत्या.

"जुलाबाचं मीठ द्या."

"किती?"

"दोन किलो."

कार्मेलेने चष्मा काढला. "कोल्दो, माणसाला दोन चमचे पुरतात."

"दोन चमच्यांनी काय होणार? अठरा..." त्याला नियम आठवला. "अठरा दिवस झालेत."

"अठरा दिवस!" मागच्या बायकांपैकी एकीने छातीवर क्रूस काढला.

"खालून सुरू झालं. आता वर सरकतंय."

"अगं बाई! दुखतं का फार?"

"दुखत नसावं. नुसती मान टाकलीय."

"आणि खाणं?"

"खायला भरपूर घालतोय. अंगालाच लागत नाही."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"डॉक्टरला यातलं काय कळतंय?" कोल्दो म्हणाला. कार्मेलेने दुकानातली होती नव्हती ती सगळी पाकिटं पिशवीत भरली आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "बायको गेली की माणसाचं असंच होतं," ती म्हणाली. "सगळं आत दाबून ठेवू नकोस."

संध्याकाळी कोल्दोच्या दारात भिजवलेल्या सुक्या आलुबुखारांचं भांडं होतं. सकाळी तीन झाली, आणि किवींची एक टोपली. दुपारी पाद्रीबाबा आले, अर्धा तास हवापाण्यावर बोलले आणि निघताना म्हणाले, "शरीर नश्वर आहे, बाळा." खरं सांगायचं तर तळघराची गोष्ट निघाली असती, म्हणून कोल्दो म्हणाला, "हो, आहे." हे 'आहे' गावभर फिरून परत आलं तेव्हा त्याची गाठ झाली होती, आतड्यात, आणि ती कापण्यापलीकडची होती.

चोमिनने त्याला सफरचंदाची दारू द्यायचं बंद केलं. "तुझं तू बघ आधी," तो नजर चुकवत म्हणाला. "मंडळाचं आम्ही बघतो. एक माणूस नजरेत आहे, पाम्प्लोनाचा."

"अरे, मला काही झालेलं नाही! मीठ झाडांना घातलं!"

"सासराही असंच म्हणायचा," चोमिन हळूच म्हणाला.

कोल्दो रोज तळघरात जाऊन चमच्याने मोजून पाणी घाली. आता तिथे बसणं बरं वाटे. झाडं तरी त्याची विचारपूस करत नव्हती. बारा दिवसांनी, रविवारी सकाळी, चोमिन पाम्प्लोनाच्या माणसासाठी कुंड्या मोजायला खाली आला आणि दारातच थबकला.

"हिरवीगार!" तो म्हणाला. "मरता मरता काय जादू केलीस रे?"

आणि त्याच दुपारी नेकाने बसमधून उतरली. हातात लहानशी पेटी, पेटीत काळा पोशाख. दार कोल्दोने उघडलं.

"तू तर उभा आहेस."

"हो."

"बहिणीला फोन आला. फार तर आठवडा, म्हणाले." तिने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "काय झालंय तुला?"

कोल्दोने सगळं सांगितलं. कार्मेलेचं बोलणं ऐकताना तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, पण ती हसली नाही. "म्हणजे तुला काहीच नाही."

"नाही."

"मग मी सातच्या बसने जाते."

थांब म्हणायचं कोल्दोच्या अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं ते असं: "जाण्याआधी झाडं बघून जातेस?"

तिने सुस्कारा सोडला आणि आली. तळघरात तिने झाडांभोवती एक चक्कर मारली, मग आणखी एक. कोल्दो दाराशी उभा राहिला. या खेपेला त्याने काही विचारलं नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ती वाळली होती.

"पिवळी आहेत," नेकाने म्हणाली.

"खालची?"

"खालची. वरची पण. शिरासुद्धा पिवळ्या आहेत."

शिरांसकट सगळं पिवळं म्हणजे मेलेलं झाड. कोल्दोला चोमिनचं सकाळचं 'हिरवीगार!' आठवलं.

"मग?"

"मग काय, असं टाकून थोडंच जाता येतं?" ती कुंडीकडेच बघत म्हणाली. "एखादा रविवार थांबून बघावं लागेल."

"दोन तरी लागतील," कोल्दो म्हणाला.

वर फळ्या करकरल्या. चोमिन कुणालातरी घेऊन जिना उतरत होता. कोल्दोने घाईघाईने सगळे दिवे मालवले.