मोबाईलला पोलादी चिलखत

मोबाईल पडला तो गंगावेशीत, म्हशीच्या पायाशी. आमच्या कोल्हापुरात कट्ट्यावर उभं राहून डोळ्यांदेखत पिळलेलं दूध प्यायची पद्धत आहे. त्या सकाळी मी पेला घ्यायला वाकलो आणि शर्टाच्या खिशातनं मोबाईल सुळकन खाली गेला. म्हशीनं पाय उचलला. क्षणभर विचार केला (आमच्या पतसंस्थेत एवढा विचार कुणी करत नाही) आणि पाय शेजारी ठेवला. मोबाईल वाचला, नुसता एक कोपरा खरचटला.

साल दोन हजार चार. मोबाईल नवाकोरा होता, आणि तो आला म्हणून घरातला जुना फोन मी मोठ्या रुबाबात परत करून आलो होतो. म्हणजे या एवढ्याशा यंत्राला काही झालं, तर जयपाल चौगुले जिवंत आहे की नाही, हेसुद्धा कुणाला कळायचं नाही. मी ठरवलं, मोबाईलला कव्हर घालायचं.

घरात चर्चा झाली. (ही पहिली चूक.) बायको पद्मावती म्हणाली, "चामड्याचं घ्या. टिकतं."

आई माजघरातनं कडाडली, "जैनाच्या घरात छातीला कातडं लावून फिरणार व्हय ह्यो?"

"आत्ती, त्यांच्या पायात कोल्हापुरी चप्पल आहे. ती काय केळीच्या पानाची आहे?"

"चप्पल उंबऱ्याभाईर ऱ्हातंय. हे घेऊन देवळात जाईल त्यो!"

धर्माचा एवढा अवघड प्रश्न असा उंबऱ्यावर निकालात निघाला. प्लास्टिकचं कव्हर म्हणजे डब्याचं झाकण, ते मला नको होतं. मग पद्मानं खणाची छोटी पिशवी शिवून दिली. मी म्हटलं, "मी काय ओटी भरून घेतलीय?" ती फणकाऱ्यानं आत गेली आणि मी उद्यमनगरात हंबीररावांकडे गेलो.

हंबीरराव माझे शाळेपासूनचे मित्र. त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे, इंजिनाचे सुटे भाग करतात. हलकं काही करणं त्यांच्या रक्तात नाही. पुतण्यासाठी त्यांनी पाळणा केला होता, तो चौघांनी मिळून उचलावा लागला.

"मोबाईलला कव्हर?" त्यांनी मोबाईल तळहातावर तोलला. "ट्रॅक्टर वरनं गेला तरी गाणं म्हणंल, असं करतो की!"

केलं. चारी बाजूंनी पोलादी पत्र्याची बंद डबी, कोपऱ्यांत चार स्क्रू, बटणांना आणि पडद्याला खिडक्या. पडद्याचा वरचा काठ मात्र पत्र्याखाली गेला होता. "हंबीरराव, रेंज इथंच दिसते," मी भीत भीत म्हटलं.

"फोन बोलायचा असतोय का बघायचा?"

स्क्रू उघडायची चावी त्यांनी स्वतःकडेच ठेवली. "तुमी हरवशीला," म्हणाले. माझ्याबद्दल सगळ्यांचं इतकं एकमत का असतं, कोण जाणे!

मी कारकून आहे, दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय सही करत नाही. फायदे भरपूर होते. मोबाईल पडला तर काळजी फरशीला. ऑफिसात पंख्यानं कागद उडेनात. पद्मानं त्यानं वेलदोडे कुटले आणि "बरं आहे" म्हणाली. (लग्नानंतर माझ्या एखाद्या निर्णयाला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक.) तोटेही होते. खिसा बेंबीपर्यंत लोंबायचा, आणि उन्हातनं चालत आलो की छातीवर पोळी भाजता आली असती. पण सगळ्यात मोठा फायदा असा की लोकांचे फालतू फोन एकदम बंद झाले. मॅनेजर दोनदा म्हणाले, "चौगुले, तुमचा फोन लागत नाही." मला वाटलं, त्यांचाच मोबाईल हलक्या प्रतीचा असणार. मी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं.

आणि नेमकं तेव्हाच ऐश्वर्याचं स्थळ आलं. ऐश्वर्या माझी मेव्हणी. सासरे वारल्यापासून तिच्या लग्नाची जबाबदारी माझ्यावर, थोरला जावई म्हणून. मुलगा वृषभ, गडहिंग्लजला कापडाचं दुकान. दोघांनी एकमेकांना कुणाच्या तरी लग्नात पाहिलं होतं आणि ऐश्वर्यानं ताईच्या कानात सांगून ठेवलं होतं, "हाच." पद्मानं मला बजावलं, "हे स्थळ हातचं गेलं, तर मी तुम्हाला जन्मात माफ करणार नाही." ही बाई बोलल्याप्रमाणे वागते.

बेत सोपा होता. मंडळी गाडी करून येणार, कावळा नाक्यावरच्या बूथवरनं मला फोन करणार, मी स्कूटरवरनं जाऊन त्यांना घरी आणणार. जेवण पाचला. दोन्ही घरं सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणारी, म्हणून उशीर चालणार नव्हता. आणि पहिल्यांदा घरी आलेले पाहुणे न जेवता गेले, तर आमच्यात सोयरीक मोडली असंच धरतात.

पाच वाजले. पुरणपोळ्या रचून झाल्या. मोबाईल पाटावर ठेवून आम्ही सगळे भोवती बसलो, बारशाला बसावं तसे. साडेपाच झाले, सहा वाजत आले, तरी डबी गप्प.

"एकदा बघा तरी चालू आहे का," पद्मा म्हणाली.

"चालूच आहे. बघ, दिवा लागतो."

"मग फोन का येत नाही?"

"निघालेच नसतील. गडहिंग्लजची माणसं..."

ऐश्वर्या साडीचा पदर पिळत उभी होती. ती नुसती एवढंच म्हणाली, "दाजी, ती डबी उघडा ना." तिच्या आवाजात असं काही होतं की मी चपला न घालताच स्कूटरला किक मारली.

हंबीररावांनी शेवटचा स्क्रू काढला मात्र, मोबाईल एवढ्या जोरात किंचाळला की लेथवरचा माणूस दचकला.

"पावणं, कुठं हाईसा?" मुलाचे वडील रायगोंडाअण्णा गरजत होते. "कवाधरनं नाक्यावर हुबं हाय आमी! फोन लावून लावून बोट झिजलं! ती बाई आपली म्हणतीया, कव्हरेजच्या भाईर, कव्हरेजच्या भाईर!"

हंबीररावांचा चेहरा उतरला. "माझ्या डबीपायी सोयरीक मोडायची व्हय? चला!" म्हणून ते मागच्या सीटवर बसले. आम्ही मंडळींना घेऊन घरी पोचलो, तेव्हा गल्लीतले दिवे लागत होते.

रायगोंडाअण्णा दारातच थांबले. "दिस हाय का बुडाला?"

मी तोंड उघडायच्या आत हंबीरराव धडाधडा गच्चीवर गेले आणि वरनं ओरडले, "हाय हाय! नारळाच्या झाडामागं हाय! बसून घ्या पटाटा!"

वृषभची आजी शांतपणे म्हणाली, "नारळ पूर्वंला हाय की, बाबा."

संपलं. मंडळी सतरंजीवर बसली. पाणी नाही, चहा नाही, सुपारीसुद्धा नाही. समोर पोळ्यांची चळत, खीर, कटाची आमटी, आणि सगळ्यांच्या पोटातनं आवाज. मीही दुपारपासून उपाशी होतो, पण पाहुण्यांसमोर माझ्या भुकेला विचारतो कोण! पद्मा माझ्याकडे बघत नव्हती. ते बघण्यापेक्षा भयंकर होतं.

नियम लागू नव्हता तो एकट्या हंबीररावांना. "अन्न वाया घालवू नये," म्हणून त्यांनी ताट ओढलं आणि उपाशी पाहुण्यांसमोर दुधात बुडवून पोळ्या हाणायला सुरुवात केली. बराच वेळ नुसता भुरके मारल्याचा आवाज येत होता.

शेवटी आजीनं विचारलं, "पोरीला सैपाक येतो का? खाल्ल्याबिगार कळायचं कसं?"

मी सतरंजीची दशी ओढू लागलो. ऐश्वर्यानं मात्र मान वर केली आणि हंबीररावांकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यांना विचारा की. सगळं मीच केलंय."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. हंबीररावांचा घास तोंडात होता, डोळ्यांत पाणी होतं. "आजी," ते म्हणाले, "आमच्या घरात आजवर कुणाला असली पोळी जमली न्हाई. आन ही गोष्ट आमच्या मंडळींना सांगू नगा."

रायगोंडाअण्णा पोट धरून हसले. वृषभ तर आल्यापासून हसतच होता, ऐश्वर्याकडे बघून. आजीनं पोळ्या बांधून घेतल्या, उजाडल्यावर खायला. सोयरीक जुळली!

लग्न गडहिंग्लजला झालं. तोवर डबी मी हंबीररावांना परत केली होती आणि मोबाईल उघडाबोडका खिशात बाळगत होतो. मांडवात मानाचे फेटे बांधायला सुरुवात झाली. पहिला फेटा हंबीररावांना, साक्षीदार म्हणून. मग मामा, काका, गाडीचा ड्रायव्हर, आचारी. थोरला जावई म्हणून मी केस नीट करून पुढेच उभा होतो. फेटे संपले.

रायगोंडाअण्णांनी माझ्यापुढं हात जोडले. "राग मानू नगा. फेटं किती लागतील इच्यारायला तुमालाच फोन लावला हुता. लागलाच न्हाई."

मी बाजूला जाऊन मोबाईल काढला. रेंजच्या कांड्या साऱ्या ताठ उभ्या. मी तणतणत पद्माकडे गेलो. "हे बघ! अण्णा चक्क खोटं बोलतायत!"

"हळू बोला," माझा शर्ट नीट करत पद्मा म्हणाली. "फेटा एक कमी पडत होता. मीच त्यांना म्हटलं, ह्यांना फोन लागला नाही म्हणून सांगा. ह्यांना काही बोलता यायचं नाही."