मोहनमामांच्या चार नळ्या

उदगीरला आमच्या शेजारच्या मोहनमामांकडे चहा फुकट मिळत नसे. आधी चार नळ्यांत फुंकर मारावी लागे. जावई असो की पोस्टमन, मामा त्याच्या तोंडापुढं ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा जुडगा धरत. "कोणती जड जाती, सांगा!"

हा जुडगा म्हणजे त्यांच्या जुन्या मोटारीचा मॅनिफोल्ड. इंजिनाच्या चार सिलिंडरांना हवा पोचवणारा. मामांनी गाडीला टर्बो बसवला, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंखा. त्या दाबाला टिकेल असा मॅनिफोल्ड बाजारात मिळेना, म्हणून शेतातले तुषार सिंचनाचे जुने पाइप कापून स्वतःच वेल्डिंगला बसले. "हवा चौघांला बराबर पायजे. एकाला जादा, एकाला कमी, आपल्याकडं चालत न्हाई!"

एवढा खटाटोप मामींसाठी. पाच वर्षांपूर्वी शिरूर अनंतपाळला जाताना, माहेरच्या वाटेवरच्या चढाला गाडीनं मान टाकली आणि मामींच्या भावांनी ती हसत हसत ढकलत नेली. "आता मी यष्टीनंच जाणार," मामी म्हणाल्या आणि शब्दाला जागल्या. तेव्हापासून नवरा-बायको एकाच लग्नाला दोन वाहनांनी जात. मामांना हे फार लागलं होतं.

पहिला मॅनिफोल्ड सांध्यावर फाटला. दुसऱ्या वेळी मामांना भलतंच सुचलं. चारही नळ्यांत सारखी हवा मावते का हे बघायला त्यांनी प्रत्येकीत ज्वारी भरून मोजली. नळ्या अगदी सारख्या निघाल्या! मामा हरखले, घाईघाईत मॅनिफोल्ड बसवला, चावी फिरवली आणि इंजिन दमेकऱ्यासारखं खोकायला लागलं. उघडून बघतात तर व्हॉल्व्हमध्ये ज्वारी.

मामी दारातून म्हणाल्या, "पेरणीला निघाला व्हता का?"

तिसऱ्या वेळी पाण्यानं मोजलं. मी रजा टाकून हजर होतो. चावी फिरली आणि टर्बोनं अशी शिट्टी मारली की गल्लीतली कुत्री पळाली! मामा एकटेच जाऊन तो चढ चढून आले. घामानं निथळत होते. नुसतं डावं दार उघडलं आणि खिशातल्या दस्तीनं सीट पुसत राहिले.

"बसायचं हाय का नुसतं पुसायचं?" मामी पिशवी घेऊन उभ्या होत्या.

मला मागं बसवलं. काय पळाली गाडी! चढ आला तसा मामींनी डोळे मिटले, उघडले तेव्हा चढ मागं पडला होता. "चांगली हाय की," एवढंच म्हणाल्या आणि थोड्या वेळानं खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

मामींचं माहेर दिसायला लागलं आणि मामांनी गाडी एकदम बैलगाडीच्या चालीवर आणली. ट्रॅक्टर पुढं जायला लागले. मला राहवेना. "मामा, दाबा की! आता कशाला रेंगाळताय?"

मामांनी मामींकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "लौकर पोचलो तर उतरंल की ती."