बोक्याचा रिपोर्ट

ऑफिसात त्यांना सगळे कात्री म्हणत. कर्मचाऱ्यांची औषधपाण्याची बिलं तपासायचं टेबल त्यांच्याकडे होतं आणि त्या टेबलावरून एखादं बिल धडपणे पुढे गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. (पाय मोडलेल्या एका शिपायाच्या बिलावर त्यांनी 'दुसरा पाय चालू आहे काय?' असा शेरा मारला होता.) अशा माणसाने घरच्या बोक्यासाठी बाजारातलं सगळ्यात स्वस्त, कोरडं खाणं गोणीने आणून टाकलं, यात नवल ते काय?

तिसऱ्या महिन्यात बोका रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसू लागला. बराच वेळ बसायचा, कण्हायचा आणि तसाच बाहेर यायचा.

"पोट साफ होत नसेल," कात्री पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"सकाळपासून सात वेळा गेलाय. लघवी होत नाहीये त्याला," बायको म्हणाली.

"संध्याकाळपर्यंत बघू."

बायकोने बघितलं नाही. बोक्याला टोपलीत घातलं, वर टॉवेल टाकला आणि तडक प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बारीक खड्यांनी लघवीची वाट बंद झाली होती. नळी घालावी लागली, दोन दिवस तिथेच ठेवावं लागलं. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर हातचा गेला असता," असं बाई म्हणाल्या होत्या. बायकोने घरी येऊन ते वाक्य कात्रींना जसंच्या तसं ऐकवलं आणि मोकळी टोपली त्यांच्यापुढे ठेवली. त्या दिवशी कात्रींना जेवण गेलं नाही. रिकामी टोपली दिसू नये म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसले.

बोक्याला आणायला मात्र ते स्वतः गेले.

"याच्यासाठी खास पथ्याचं खाणं मिळतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"त्यात स्वस्तातलं काही?"

बाईंनी त्यांना एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. "महिनाभर तरी हेच द्या, त्यात काटछाट नको. पुढे परवडत नसेल तर मला विचारून साधं ओलं खाणं, वरून कोमट पाणी घालून. नुसतं कोरडं पुन्हा नाही. थोडं चिकन उकडलेलं पाणी चालेल, पण मीठ नको, कांदा-लसूण नको. दूध बंद. पाण्याचे वाडगे घरभर ठेवा. आणि दहा दिवसांनी लघवी तपासायला आणा."

कात्रींनी सगळं लिहून घेतलं आणि घरी येऊन त्यात आपली अक्कल मिसळली. खड्यावर बार्लीचं पाणी चांगलं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. बोक्याने ते हुंगलं आणि वाडग्याभोवतीची फरशी पंजाने खरवडू लागला. ट्रेमधली घाण तो अशीच पुरायचा. बायकोने वाडगा उचलला आणि बाईंनी सांगितलेलं पुढे ठेवलं. ते त्याने चाटूनपुसून संपवलं. घरभर ठेवलेल्या पाण्याच्या वाडग्यांतही तो तोंड घालू लागला. (उरलेल्या वाडग्यांत कात्रींचा पाय पडे.) आठवड्यात बोका खिडकीत उड्या मारायला लागला.

दहाव्या दिवशी ट्रेमध्ये रेतीऐवजी धुतलेले खडे पसरून बायकोने लघवी बाटलीत भरली आणि ऑफिसला जाता जाता बाईंकडे द्यायला कात्रींना सांगितली. इथे कात्रींनी एक निर्णय घेतला. ऑफिसच्या दवाखान्यात कर्मचाऱ्यांची लघवी फुकट तपासत. बाटलीवर त्यांनी आपलं नाव लिहिलं.

दुपारी कंपनीच्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं.

"किती दाट आहे हे. तुम्ही शेवटचं पाणी कधी प्यालात?"

"सकाळीच."

"खड्यांचे कण आहेत. आणि हे केस कसले?"

"झडतात हल्ली."

डॉक्टरांनी त्यांच्या गुळगुळीत डोक्याकडे पाहिलं. कात्रींनी डोक्यावरून हात फिरवला. भावाचं औषध स्वतःच्या नावावर घेतलं म्हणून गेल्याच वर्षी त्यांनी एका टायपिस्टची पगारवाढ अडवली होती. आता तोंड उघडणं शक्यच नव्हतं.

"आठ दिवस मीठ बंद. रोज तीन लिटर पाणी. सोमवारी पुन्हा तपासू. इथेच द्यायची, मी दाराबाहेर उभा राहीन."

कात्री निर्धास्त झाले. खडे होते बोक्याला, त्यांना थोडेच होते? सोमवारी रिपोर्ट स्वच्छ येणार, प्रकरण मिटणार. त्यांनी पाण्याला हात लावला नाही. उलट कँटीनमध्ये बसून क्रीमची बिस्किटं खाल्ली आणि टायपिस्टसमोर बाटलीभर पाणी पिण्याचं नाटक तेवढं केलं. टायपिस्ट म्हणाला, "साहेब, काळजी घ्या." त्याच्या आवाजात काळजी अजिबात नव्हती.

सोमवारी डॉक्टर बराच वेळ कागद वाचत होते.

"खडे गेले," ते म्हणाले.

"मला वाटलंच होतं."

"पण साखर आहे. प्रथिनंही जातायत. पाणी तर तुम्ही पीतच नाही. खरं सांगू, आधीचा रिपोर्ट याच्यापेक्षा बरा होता."

"तो बोक्याचा होता," कात्रींच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"त्याला खायला काय देता?"

कात्रींनी मान खाली घालून सगळं सांगितलं: ओलं खाणं, चिकन उकडलेलं पाणी, मीठ नाही, थोडं थोडं, दिवसातून चारदा, घरभर वाडगे. डॉक्टरांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला, खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. पेशंटच्या नावापुढे कात्रींचंच नाव होतं.

"ट्रे मात्र लागणार नाही," डॉक्टर म्हणाले. "बाकी सगळं हेच."