गुडघ्याखाली चार बोटं

सोपानराव वाघोले माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी गुडघा बघत. जिन्यात भेटले की 'काय, कसं काय' वगैरे काही नाही. थेट म्हणत, "पाय आना हिकडं."

आम्ही दोघं पिंपरीतल्या एकाच कंपनीत, आणि संत तुकाराम नगरात समोरासमोर राहायला. मी टाइम ऑफिसात, ते फिटर. देवळाच्या सभामंडपात एका डॉक्टरांनी चिनी उपचारांचं शिबिर घेतलं, तिथे सोपानरावांना तो बिंदू सापडला. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. चिनी लोक तिथे सुई टोचतात. सोपानरावांच्या हाती सुई द्यायला कोणी धजावलं नाही, पण फिटरचा अंगठा होताच. "हितं दाबलं की दमलेला गडी आनखी तीन मैल चालतो," ते सांगत. दिवाळीपर्यंत त्या मैलांचे कोस झाले होते.

कंपनीच्या बसमध्ये एकाने छेडलं, "राव, चीननं आपल्यावर चाल केली आणि तुम्ही त्यांचा इलाज करता?"

"लढाई सरकारची हाय, नडगीची न्हाई. पाय आना."

गुण यायचा, हे मात्र कबूल केलं पाहिजे. एकदा गेटसभेत आमचे पुढारी बोलून बोलून थकले आणि खुर्चीत टेकले. सोपानरावांनी लगबगीने जाऊन त्यांचा बिंदू दाबला. पुढारी ताडकन उठले आणि आणखी तासभर बोलले. घरी जायला निघालेल्या फर्स्ट शिफ्टने त्यानंतर सोपानरावांशी बरेच दिवस अबोला धरला.

अख्ख्या कंपनीचे पाय त्यांच्या हाताखालून गेले, पण घरातले राहिले. वर पाणी चढत नसे, त्यामुळे हौसावहिनी खालच्या नळावरून तिसऱ्या मजल्यावर कळशा आणत. संध्याकाळी त्यांचे पाय ठणकायचे. सोपानराव विनवायचे, आणि वहिनी पाय लुगड्याखाली ओढून घ्यायच्या. "नवऱ्याला पायाला हात लावू दिऊ? कुटं फेडू ह्ये पाप?"

मग सोपानरावांनी माझ्या बायकोला कामाला लावलं. ती आत दाबतेय आणि हे दाराबाहेरून ओरडताहेत, "वाटीखाली, वैनी, वाटीखाली!" हौसावहिनींना गुदगुल्या झाल्या. दोघी हसून लोळल्या, ठणका तसाच राहिला.

त्या दिवशी सोपानराव माझ्याकडे येऊन बसले. "शिबिराला गेलतो त्ये तिच्यासाठीच, भाऊ," ते म्हणाले. "तुमचे समद्यांचे पाय म्हंजी नुसती प्रॅक्टिस."

पुढच्या रविवारी पेपर परत द्यायला गेलो, तर दार उघडं होतं. हौसावहिनींनी डोक्यावरून पदर घेतला, वाकून नवऱ्याच्या पायांवर डोकं टेकवलं. उठल्या, पुन्हा टेकवलं. मग आणखी एकदा.

"अगं, आज काय सण हाय?" सोपानराव गोंधळले.

"पाप लागायच्या आदीच फेडून ठिवलं," म्हणत त्या भिंतीला टेकून बसल्या आणि पाय लांब केला. मग मी दिसलो. "भावजी, त्येवडं दार वढून घ्या."

मी दार ओढून घेतलं.