पोरगी द्याल का जी?

आमच्या पवनीतल्या सुखदेवजींनी एकदा एका ट्रॅक्टर कंपनीला सातव्या नंबरवरून थेट तळाला ढकललं. कारण काय, तर तिच्या दुकानात गेलेल्या माणसाला कोणी पाणी विचारलं नाही! "जिथं पाणी नाही विचारत, तिथं सोयरीक नाही," म्हणाले आणि फळ्यावरचं नाव पुसून खाली लिहिलं.

सुखदेवजी माझे शेजारी. पूर्वी सोयरीक ठरवायच्या आधी लोक त्यांनाच चौकशीला पाठवत. ते मुलाच्या गावी जात, न्हाव्याकडे दाढी करत, पानठेल्यावर बसत आणि संध्याकाळच्या एसटीनं त्या घराण्याची सगळी इभ्रत घेऊन परत येत. आता पोरंपोरी मोबाइलवरच जुळवून मोकळी होतात. मग या रिकाम्या माणसानं करावं काय? त्यांनी कंपन्या आणि देश धरले. वैनगंगेच्या घाटावर भेटेल त्याला कंपनीचं नाहीतर देशाचं नाव सांगून एकच प्रश्न, "या घरी पोरगी द्याल का जी?" होकार मोजायचे आणि दर महिन्याला ओसरीतल्या फळ्यावर नंबर लावायचे.

मी चिडायचो. "अहो, देशाला कोण पोरगी देते?"

"काहून नाही? एक देश आहे, पैसा लय, पण रोज शेजाऱ्याशी भांडते. पोरगी सुखात राहीन का तिथं?" बोलता बोलता ते नदीपलीकडे बघत राहायचे. दुपारचं पाणी संथ, पलीकडचा काठ धुरकट. मलाही वाटायला लागायचं, की सगळे देश तिथंच अंगणं सारवून बसलेत आणि सुखदेवजी आत्ता नावेनं जाऊन चौकशी करून येतील. त्यांच्यासोबत बसलं की वेड लागतं, खरंच.

यंदा त्यांची एकुलती एक लेक सुनंदा नर्स झाली आणि तिला जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी लागली. आईविना वाढवलेली पोर. "बाबा, तुम्ही नाही म्हटलं तर नाही जाणार," म्हणाली. सुखदेवजी म्हणाले, "पहिले चौकशी करतो."

पंधरा दिवस ते फिरले. घाट, बाजार, लाखांदूरची एसटी, काही सोडलं नाही. मला वाटलं, केवढी ही खबरदारी! रविवारी माझ्याकडे आले आणि आत न येता पायरीवरच बसले.

"काय निघालं?" मी विचारलं.

"सारेच हो म्हणून राहिले जी. मास्तर हो म्हणते, भाजीवाली हो म्हणते. कोनीच वाईट बोलून नाही राहिलं." ते माझ्याकडे वळले. "भाऊ, तुमी तं पेपर वाचता. काही वाईट सांगा ना त्या देशाचं. एक गोष्ट तरी. तिले थांबवासाठी मले काही तं पाहिजे."

मी खूप आठवलं. खोटं सांगायचंही मनात आलं, देवाशपथ आलं. पण "थंडी फार असते म्हणतात," एवढंच तोंडून निघालं.

 ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"थंडीचं काय, स्वेटर घेऊन देऊ," म्हणाले. "भंडाऱ्यात चांगले भेटते काय जी?"