अंगारकीचा ट्यूना

ऑफिसात स्पृहाला सगळे ‘खिचडीताई’ म्हणत. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, कुठल्याही पार्टीला तिचा उपास असायचाच आणि डब्यात साबुदाणा असायचाच. नाव ठेवलं होतं विनीतने. तो परदेशात दोन वर्षं राहून आला होता आणि त्याला चीजचे प्रकार वासावरून ओळखता येत असत, निदान तो तसं म्हणत असे. नव्या मॅडम आल्या तेव्हा त्याने ओळख करून दिली, “ही आमची खिचडीताई.” मॅडमनी तेच नाव धरलं. परवा तर त्यांच्या मेलची सुरुवातच ‘डियर खिचडी’ अशी होती. मेल सगळ्या विभागाला गेला होता.

म्हणून ऑफिसात ‘प्रत्येकाने काहीतरी करून आणा’ अशी पार्टी ठरली, तेव्हा स्पृहा सगळ्यांच्या आधी बोलून गेली, “मी डेव्हिल्ड एग्ज आणते. उकडलेल्या अंड्यांत ट्यूना मासा भरून.”

विनीतने चष्मा वर केला. “तू?”

“मी.”

घरी येऊन तिने कॅलेंडरात पार्टीची तारीख पाहिली. मंगळवार होता आणि वर चतुर्थी. अंगारकी!

सासूबाई, म्हणजे कालिंदीबाई, शांत स्वभावाच्या. आवाज चढवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या हळू बोलत आणि त्यावर कुणाचं काही चालत नसे.

“अगो, एरवी आपण मासे खातोच. पण अंगारकीला माझ्या गॅसवर अंडं नको.”

“आई, माझं नाव बुडेल हो.”

“कोणतं? खिचडी?” कालिंदीबाई म्हणाल्या. “ते बुडालं तर बरंच. असं कर, गॅलरीत विजेची शेगडी लाव. गॅलरी काय, सार्वजनिक आहे.”

काळाचौकीच्या त्या चाळीत गॅलरी खरोखरच सार्वजनिक होती. मंगळवारी दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्पृहाने तिथे पाट मांडला, अंडी उकडली, सोलली, उभी चिरली. पिवळे बलक काढून भांड्यात कुस्करले. त्यात पत्र्याच्या डब्यातला ट्यूना, मेयोनीज, मोहरीची चटणी, बारीक कांदा, मिरपूड घातली. पांढऱ्या वाट्या ताटात ओळीने मांडल्या. सगळं मोबाइलमधल्या व्हिडिओसारखं दिसत होतं. मग व्हिडिओतली बाई म्हणाली, ‘आता चव बघा आणि हवं तर मीठ घाला.’

स्पृहाचा चमचा तिथेच थांबला. तिचा उपास होता.

“आई, मीठ कोण बघणार?”

“मी तर नाहीच,” कालिंदीबाई उंबऱ्याच्या आतून म्हणाल्या. “शेजारी विचार.”

शेजारी उपास. पलीकडे उपास. टोकाच्या खोलीतल्या नलूने तर निर्जळी धरलेली. अंगारकीच्या दिवशी अख्ख्या मजल्यावर मीठ बघायला एक जीभ सापडेना.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतले दौलतकाका आपल्या दारातून अर्धे बाहेर आले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं.

“गो स्पृहा,” ते कुजबुजले, “माका डॉक्टरान उपास बंद सांगितल्यान. गोळ्ये चालू आसत. पन तुझ्या राधाकाकीक बोला नको.”

“काकीला माहीत नाही?”

“तिका वाटता मी सकाळपासून पाण्यावर आसय.” त्यांनी हात पुढे केला. “हाड तो चमचो.”

त्यांनी डोळे मिटून चव घेतली. बराच वेळ उघडले नाहीत.

“मीठ वायच कमी.”

स्पृहाने मीठ घातलं. काकांनी पुन्हा चव घेतली. “आता लिंबू व्हया.” लिंबू पिळलं. “आता काय ता समजना नाय. चिंतामणीक इचारूया. तेका माशातला कळता.”

चिंतामणी म्हणजे त्यांचे कॅरमचे जोडीदार. त्यांचाही उपास होता, पण तो सकाळी चहात बुडवून खाल्लेल्या बटरने मोडला होता. “मोडलेला उपास आणखी काय मोडणार?” असं म्हणत त्यांनी चमचा घेतला. दौलतकाकांच्या मते मिरपूड जास्त होती, चिंतामणींच्या मते कमी. खरं काय ते ठरवण्यासाठी दोघांनी पुन्हा चव घेतली.

इतक्यात आतून स्पृहाचा फोन वाजला. मॅडम होत्या. “खिचडी, येतेस ना? सगळे वाट बघतायत हं तुझ्या अंड्यांची.” आणि मग बराच वेळ दुसऱ्याच कामाचं बोलत राहिल्या.

ती बाहेर आली तेव्हा दोघे समाधानाने बसले होते. दौलतकाकांच्या मिशीला मेयोनीज लागलं होतं.

“चव एकदम बरोबर आसा,” काका म्हणाले. मग त्यांनी भांड्यात पाहिलं. “म्हंजे, होती.”

भांडं घासल्यासारखं स्वच्छ होतं.

“काका!”

“अगो, एका चमच्यान मीठ कळना नाय!”

आवाज ऐकून राधाकाकी बाहेर आल्या. “काय चाललंय? आणि मिशीला काय लागलंय तुमच्या?”

“दही,” दौलतकाका म्हणाले. “उपासाचां.”

“घरात दही कुठेय?”

काका उठले आणि जिन्याकडे चालू लागले. चिंतामणी त्यांच्या आधीच पोहोचले होते.

ताटात पांढऱ्या वाट्या तेवढ्या उरल्या, आ वासून. बलक गेले, ट्यूना गेला. दुसरा डबा आणायचा तर क्रॉफर्ड मार्केट गाठायला हवं, आणि पार्टीला तासही उरला नव्हता. स्पृहा पाटावर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आता निवृत्त होईपर्यंत खिचडीच.”

कालिंदीबाई आत गेल्या. आल्या त्या उपासाच्या बटाट्याच्या भाजीचं पातेलं घेऊन. जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, लिंबू. भाजी त्यांनी पुरणयंत्रातून काढून लोण्यासारखी मऊ केली होती आणि वरून आणखी थोडं जाडसर कूट घातलं होतं.

“भांडं पुढे कर. मी उंबऱ्याच्या आतूनच वाढते, तुझ्या भांड्याला हात लावणार नाही. बाहेर तू काय कालवतेस ते मला दिसत नाही.”

“आई, हे खोटं नाही का होणार?”

“कुणी विचारलं, तर खरं सांगायचं,” कालिंदीबाई शांतपणे म्हणाल्या. “नाही विचारलं, तर आपणहून सांगावं असं कुठल्या पोथीत मी तरी वाचलेलं नाही.”

स्पृहाने उरलेलं मेयोनीज कालवलं, वाट्या भरल्या, वर कोथिंबिरीचं एकेक पान ठेवलं आणि गणपतीचं नाव घेऊन लोअर परळची टॅक्सी पकडली.

ऑफिसात तिने डबा उघडला. मॅडमनी एक उचललं. स्पृहाने मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं: मॅडम, एक सांगायचंय. तिने तोंड उघडलं.

“थांब, बोलू नकोस,” विनीत म्हणाला. त्याने एक अंडं तोंडात टाकलं आणि डोळे मिटले, अगदी दौलतकाकांसारखे. “यलोफिन ट्यूना. बरोबर?”

स्पृहाने काही म्हणायच्या आत त्याने सगळ्यांना गोळा केलं. “ही जी रवाळ चव लागते ना, ती ताज्या यलोफिनची खूण. डब्यातल्या माशाला ही येत नाही. जपानमध्ये अशीच लागते.”

“मला दाण्यांसारखं काहीतरी लागलं,” मॅडम म्हणाल्या.

“नटी फ्लेवर, मॅडम. चांगल्या ट्यूनाला असतोच.”

दुसऱ्या कुणी काही विचारलं नाही. डबा रिकामा झाला. “खिचडी काय म्हणतो आपण हिला!” मॅडम म्हणाल्या. “आजपासून शेफ.” दुसऱ्या दिवशीचा मेल ‘डियर शेफ’ असा आला. सगळ्या विभागाला.

स्पृहाला मात्र ते मनाला लागून राहिलं. पुढच्या महिन्यात पार्टी शुक्रवारी होती. उपास नाही, तिथी नाही. तिने स्वतः क्रॉफर्ड मार्केटमधून उत्तम ट्यूना आणला. घरच्या गॅसवर अंडी उकडली, दौलतकाकांच्या तोंडावर दार लावून घेतलं आणि मीठ स्वतःच्या जिभेने पाहिलं. या वेळी सगळं शंभर टक्के खरं होतं.

मॅडमनी एक घास घेतला आणि उरलेलं हळूच कागदी बशीच्या कडेला ठेवलं.

विनीतने तिला बाजूला घेतलं. आवाजात काळजी होती. “स्पृहा, वाईट वाटून घेऊ नकोस. पण मासेवाला बदललास का? हा ट्यूना नाहीच. काहीतरी भेसळ आहे यात.”

घरी येऊन तिने डबा ओट्यावर ठेवला. जवळजवळ भरलेलाच होता. कालिंदीबाई देव्हाऱ्यापुढे समईत तेल घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वात सारली, हात जोडले आणि मागे न वळता हळू आवाजात म्हणाल्या,

“तुझ्या मॅडमना सांग बाई, पार्टी चतुर्थीलाच ठेवत जा म्हणावं. ताजा ट्यूना त्याच दिवशी मिळतो.”